पिवळ्या टिकलीची विनी

पेज होलकॉम आमच्या शाळेत आली त्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते ठिकाणावर यावं अशी माझी इच्छाही नाही.

मी नॉर्मा थिबोडो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, शेवंडं म्हणजे लॉबस्टर धरून पोट भरणाऱ्या गावात तिसरीचा वर्ग शिकवते. वर्गातल्या मांडणीवरची पुस्तकं मी स्वतः वाचून निवडलेली आहेत. माझी कसोटी साधी आहे. पहिलं पान मोठ्याने वाचून मी गप्प बसते. पोरं चुळबुळायला लागली तर पुस्तक परत जातं, मग त्याला कितीही बक्षिसं मिळालेली असोत.

पेज ही जिल्हा कार्यालयाची वाचन-सल्लागार. वर्गावर जेमतेम दोन वर्षं काढली आणि लागली उंटावरून शेळ्या हाकायला. येताना रंगीत टिकल्यांचे कागद घेऊन आली. पुस्तक किती अवघड ते पाहून त्याच्या पाठीवर टिकली लावायची, पोराची परीक्षा घेऊन त्याला रंग द्यायचा, आणि पोराने फक्त आपल्या रंगाच्या टोपलीतलं पुस्तक उचलायचं. का, तर अवघड पुस्तकाने पोर खचतं म्हणे.

"रॉजर," मी हेडमास्तर पिंकहॅमना म्हटलं, "पुस्तक आवडलं की अवघड शब्दाशी पोर स्वतःच झटतं. हे तुला मी सांगायला हवं का?"

"वर्षभर करून तर बघ, नॉर्मा. वरून आलंय."

वरून आलंय म्हणजे काय, आभाळातून पडलंय? पण तेव्हा मी टोपल्या मांडल्या.

आठवडाही गेला नसेल, पोरं एकमेकांना रंगाने ओळखायला लागली. "मी हिरवा, तू काय?" सगळ्यांत खाली पिवळा. पिवळा म्हणजे ढ, हे कुणी सांगावं लागलं नाही.

विनी ॲली पिवळी होती. वाचताना अडखळायची, ते खरंच. पण पिवळ्या टोपलीत होतं काय? कुत्र्याचं पिल्लू चेंडू हरवतं, कुत्र्याचं पिल्लू चेंडू शोधतं. ही पोरगी उन्हाळ्यात बापाच्या बोटीवर जिवंत शेवंडांच्या नांग्यांना रबर चढवते, आणि तिने पिल्लाचा चेंडू शोधायचा. महिनाभर ती टोपलीपुढे नुसती उभी राहायची आणि काहीतरी उचलून खिडकीबाहेर बघत बसायची.

मग एक दिवस पाहते तर पोरगी एका जाड पुस्तकात नाक खुपसून बसलेली. शेवंडांवरचं, चित्रांचं, बारीक अक्षराचं. पुस्तकाच्या पाठीवर पिवळी टिकली. मी जवळ जाऊन पाहिलं. पिल्लाच्या पुस्तकाची टिकली काढून तिने या पुस्तकाच्या हिरव्या टिकलीवर डकवली होती. शाब्बास, मनात म्हटलं, आणि पुढे निघून गेले.

रोज शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. अडलं की हात वर. "बाई, हा शब्द?" मी सांगायचे, ती मान डोलवून पुढे जायची. एकदा बाप तिला सोडायला आला तेव्हा दारातच म्हणाला, "घरी सगळ्यांना वाचून दाखवते. जेवताना बोलू देत नाही कुणाला." इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आणि मग पेज पाहणीला आली. विनीच्या पुस्तकावरची पिवळी टिकली पाहून तिचा चेहरा उजळला. "एक पान वाचून दाखवतेस?"

विनीने पान उघडलं. पोटाखाली अंडी असलेली मादी सापळ्यात आली तर कोळी तिच्या शेपटीला खाच पाडून पाण्यात सोडतात, म्हणजे पुढे कुणीही तिला धरत नाही, असं ते पान. दोनदा अडखळली, दोन्ही वेळा मागे जाऊन स्वतःच सुधारलं.

"बघितलंस नॉर्मा?" पेज म्हणाली. "पिवळ्या टोपलीतून पोर कुठवर पोचलं."

मग तिने पुस्तक हातात घेतलं. जाडी पाहिली, टिकलीखाली नख घातलं. खालची हिरवी दिसली.

"विनी, हे तू केलंस?"

"हो."

"म्हणजे फसवलंस तू आम्हाला."

"पेज," मी म्हटलं, "तिने आत्ता तुझ्यासमोर वाचलंय. तुझ्या कानांनी ऐकलंयस."

"प्रश्न नियमाचा आहे, नॉर्मा. आणि ते वाचन खरं कशावरून? पाठ केलं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठ करायला आधी वाचावं लागतं, बाई."

तिने ऐकलं नाही. विनीला उभं करून वर्गाची माफी मागायला लावली आणि पुस्तक काखेत मारून निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी शेंडी तुटो की तुटो पारंबी म्हणत सकाळीच पेजच्या शाळेतल्या टेबलावरून पुस्तक उचलून आणलं. विचारलं नाही. मग टोपल्या जमिनीवर उपड्या केल्या आणि पोरांना म्हटलं, काढा टिकल्या. नखं, पट्ट्या, मिळेल ते घेऊन पोरं तुटून पडली. रॉजर दारात येऊन उभा राहिला.

"नॉर्मा, हे काय चालवलंयस?"

"साफसफाई."

"मला वर कळवावं लागेल."

"कळव. आणि पोरांनी केलं म्हणू नकोस, माझं नाव सांग."

तो काहीतरी पुटपुटत गेला. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात विनीकडे लक्ष गेलं. ती एकटीच जागेवर बसून होती, हात मांडीत. मी शेवंडांचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

"घे. आता कुठल्याच पुस्तकाला रंग नाही. हवं ते वाच."

तिने पुस्तकाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी ते हळूच माझ्याकडे सरकवलं.

"नको बाई. मी ते खोटं वाचत होते."

"खोटं कसं गं? सगळ्यांनी ऐकलं की."

"पण होलकॉम मॅडमना कळतं ना," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "मला नुसतं येतंय असं वाटत होतं."