इस्त्रीचे ठोके

आत्याने मला लहानाचं मोठं केलं, त्यामुळे तिला उलट उत्तर द्यायची सोय नाही. शेजारणीने विचारलं की ती सांगते, "आमची भाची कुठेतरी काहीतरी बडवत असते." मी जॅझ बँडमध्ये ड्रम वाजवते. आमचा एकही कार्यक्रम तिने ऐकला नव्हता, आणि ते मला फार लागायचं.

मग मी एक युक्ती केली. आत्याची उभी हयात मोठ्या लॉन्ड्रीत गेली. मालकाने वाफेच्या खोलीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या, तेव्हा तिथल्या बायकांनी संप केला होता. त्या संपाचा एक ठेका होता, इस्त्री टेबलावर आपटून वाजवायचा. दोन ठोके सावकाश, तीन घाईत, मग जरा थांबून एक. भाजी शिजेपर्यंत आत्या अजूनही तो ओट्यावर बोटांनी वाजवते. त्यावर आम्ही अख्खी रचना बांधली. आमचा सॅक्सोफोनवाला शिंकण्याआधीही प्रस्तावना करतो, म्हणून त्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो. तो म्हणाला, "निषेधाचा जॅझ म्हणजे हाच!"

संपाचं नाव काढल्यावर आत्या आली. लॉन्ड्रीतल्या मैत्रिणींनाही घेऊन आली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पहिल्या दोन रांगा त्यांच्याच. बास सुरू झाला तेव्हा सगळ्याजणी दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या गप्प होत्या. प्रोफेसरचा सोलो आला. त्याने डोळे मिटले आणि त्याच्या सुरांखाली मी जीव ओतून तो ठेका धरला.

आत्याने मान वर केली, पर्स काखोटीला मारली आणि ती उठली. पाठोपाठ सगळ्या मैत्रिणी उठल्या. एकीने गुडघ्यावर हात टेकला, पण उठली. रांगेने दाराबाहेर! मागचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि त्यातलेही निम्मे उठले.

प्रोफेसर डोळे मिटून रिकाम्या खुर्च्यांपुढे तल्लीन होऊन वाजवत होता. मी तशीच धावत जिना उतरले. सगळ्याजणी अंगणात उभ्या होत्या.

"आत्या, इतकं वाईट वाजवलं का गं आम्ही?" मला रडूच येत होतं.

"वाईट कुठे? तू उठा म्हणालीस, आम्ही उठलो."

"मी कधी म्हणाले?"

"अगं, त्या ठोक्याचा अर्थच तो. काम टाका आणि बाहेर चला. मुकादम डोक्यावर उभा असायचा, बोलणार कसं?"

"माझा तर पाय आपोआप उचलला," गुडघ्यावर हात टेकून उठलेली मैत्रीण म्हणाली, "गुडघ्याला विचारलंसुद्धा नाही."

इतके दिवस तालमी करून आम्ही लोकांना घरी जायला सांगत होतो! मला हसू आवरेना.

"मग बाहेर येऊन काय करायचात?"

"वाजवायचो! मालक खाली येईपर्यंत. तुम्ही का थांबलात?"

मी वर पळाले आणि एक ड्रम उचलून आणला. मागून बासवाली आली, आणि शेवटी प्रोफेसर, झोपेतून उठवल्यासारखा. अंगणातच सुरू केलं. बायकांनी वाजवायला कठडा धरला, बाक धरला, एकीने पालथी बादली. हॉलमध्ये आला नसता असा आवाज आला. मी इतकी खूश होते की हात आवरत नव्हते.

"थांब," आत्याने मला मध्येच अडवलं. "शेवटचा ठोका घाईत मारतेस. त्याच्या आधी आम्ही एकमेकींकडे बघायचो. सगळ्या तयार आहेत ना, ते. तेवढा वेळ सोड."

तिने हात पुढे केला. मी एक काठी दिली. तिने वाजवून दाखवलं, आणि मैत्रिणींनी खरंच एकमेकींकडे बघितलं.

प्रोफेसर हळूच म्हणाला, "आत्या, पुढच्या कार्यक्रमालाही याल ना?"

"कार्यक्रमाचं नंतर बघू," काठी परत न देता आत्या म्हणाली. "आधी तालमीला कधी यायचं ते सांग."