खांबाला मिठी मारलेलं यंत्र

मी सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते मार्लिस ठरवते, कारण एकोणपन्नास वर्षं तिनं माझ्याशी संसार केलाय. ही गोष्ट मी तिच्यासमोर बसून लिहितोय, त्यामुळे थंडीचा मजकूर सोडला तर बाकी सगळं तपासून घेतलेलं आहे.

थंडीचा मजकूर असा. त्या जानेवारीत आमच्या मिनेसोटात पारा इतका उतरला, की अंगणातल्या तापमापकातून बाहेर पडून तो भिंतीवरून खाली आला आणि तळघराच्या खिडकीतून आत शिरला. आत जरा ऊब होती. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी व्यायामाचं यंत्र आलं.

यंत्र माझ्यासाठी नव्हतं. माझा व्यायाम म्हणजे सकाळी मोजे घालणं. यंत्र मार्लिससाठी होतं. नोव्हेंबरात पाखरांना दाणे टाकायला गेली आणि पायरीवरच्या बर्फावरून घसरली. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आत दोन स्क्रू बसले. चाळीस मैलांवरच्या दवाखान्यात जॅनेल नावाची मुलगी तिचा हात हलवून घ्यायची. ती गोड हसते आणि हात असा पिरगाळते, की माणूस लहानपणची पापंही कबूल करील. तिनं बजावून सांगितलं होतं, "सोमवारपासून वजन सुरू. डोक्यावरचा दांडा रोज खाली ओढायचा आणि सावकाश वर सोडायचा. वजनच हाताला वर नेईल. हे दिवस हुकले, तर सांधा आत्ता आहे तिथंच धरेल."

आत्ता हात पोचत होता तो हनुवटीपाशी. त्याच्या वर बोटभरही जात नव्हता.

मार्लिसचे केस कमरेपर्यंत येतात, पांढरेशुभ्र. अकरा वर्षांची असल्यापासून ती आपली वेणी आपण घालते. नोव्हेंबरपासून ती वेणी मी घालत होतो. चर्चमध्ये बायका तिच्याकडे फार कळवळ्यानं बघायच्या. तो कळवळा खांद्याबद्दल आहे असं मी धरून चाललो होतो. ती तक्रार करत नाही. फक्त एकदा म्हणाली, "मला माझे केस माझ्या हातानं बांधायचेत, अर्व्हिड. बाकी मला या हाताकडून काही नको."

जानेवारीत रोज चाळीस मैल जायचं म्हणजे रस्त्यानं आपल्याला जाऊ देण्याची वाट बघत बसायचं. म्हणून यंत्र मागवलं. मी म्हणालो, "शनिवारपर्यंत उभं करतो." हे म्हणताना मी खोका पाहिलेला नव्हता.

खोका पोचवणाऱ्यानं तो गॅरेजच्या दाराशी ढकलला तेव्हा गाडीची मागची चाकं सहा इंच वर आली आणि तो माणूस आनंदानं निघून गेला. मी खोक्याखाली हात घातला. हात गेला, परत येईना. तेवढ्यात शेजारचा स्टेनर बर्फ उडवायचं यंत्र ढकलत कुंपणापाशी आला. स्टेनर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि घरात प्रत्येक मापाचा पाना आहे.

"जड दिसतंय," तो म्हणाला. "हात लावू का?"

"छे छे," मी म्हणालो. "जमतंय."

आता यात काही गैर नाही. आमच्याकडे मदत पहिल्यांदा विचारली की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली तरी नाहीच म्हणायचं, पण जरा घुटमळून. तिसऱ्यांदा विचारली की सुस्कारा टाकून म्हणायचं, "बरं, तुला दुसरं काही काम नसेल तर." पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर मरणाच्या दारात. आणि आपण होऊन मदत मागणारा अजून आमच्या गावात जन्मायचा आहे. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मटार गिळता येऊ लागले की हे येतंच.

बुधवारी टपालपेटीपाशी स्टेनर म्हणाला, "कसं चाललंय? लागली मदत तर आहे मी."

मी नियमाप्रमाणे घुटमळलो. "नको रे. तुझीही कामं असतीलच."

"तशी आहेत," तो म्हणाला आणि गेला. दोन विचारणा झाल्या. मी घरी येऊन दोन कप कॉफी टाकली, कारण तिसरी आता तासा-दोन तासांत येणार होती.

ती बुधवारी आली नाही. गुरुवारी मी तिला जरा रस्ता दाखवला. स्टेनरच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या अंगणावर उघडते. मी एकच लोखंडी नळी गॅरेजमधून घरात आणि घरातून गॅरेजमध्ये सात वेळा नेली. पाचव्या खेपेला कण्हलो. सहाव्याला पाना बर्फात पाडून कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. खिडकीतून स्टेनरनं हात हलवला. फार प्रेमळ हात हलवतो तो.

"त्याला सांग ना," मार्लिस म्हणाली.

"काय सांग?"

"मदत कर म्हणून."

"मदत अग्निशामक दलाकडे मागतात," मी म्हणालो, "आणि तीही छप्पर गेल्यावर."

मग मी एकटाच लागलो. एक-एक नळी जिन्यावरून तळघरात नेली. बोल्टांच्या अकरा पिशव्या, प्रत्येकीवर अक्षर. मी त्या सगळ्या एका पातेल्यात ओतल्या, कारण शोधायला सोपं. सूचनांची वही होती. तिचं पहिलं पान मी कॉफीच्या कपाखाली घातलं, कारण पहिल्या पानावर नेहमी आभार मानलेले असतात.

एकट्या माणसाची पंचाईत अशी, की नळी धरायची कुणी आणि बोल्ट पिळायचा कुणी? आमच्या तळघराच्या मध्यात एक लोखंडी खांब आहे. घराची मधली तुळई त्याच्यावर बसते. मी नळी त्या खांबाला टेकवली आणि नळी ताठ उभी राहिली. दुसरी दुसऱ्या बाजूनं टेकवली. काय सांगू, इतका समजूतदार मदतनीस मला जन्मात मिळाला नव्हता. बोलत नाही, दमत नाही, मध्येच कॉफी मागत नाही. खालच्या चौकटीच्या चार पट्ट्या त्याच्या चारी अंगांनी जोडल्या. वरची आडवी नळीही त्याच्याच आधारानं चढवली. आणि प्रत्येक बोल्ट असा आवळला, की पान्याच्या दांड्यावर आणखी एक लांब नळी चढवून तिला लोंबकळलो. कामात कसर म्हणून ठेवायची नाही. शेवटच्या बोल्टाच्या वेळी रस्त्यापलीकडच्या घराचं दार आपोआप लागलं.

शनिवारी दुपारी मी मार्लिसला हाक मारली. ती डाव्या हातानं कठडा धरत खाली आली, यंत्राभोवती एक फेरी मारली.

"छान उभं राहिलंय," ती म्हणाली. "वजनाच्या विटा कुठं बसतात?"

"मधोमध. या दोन सळ्यांवर वर-खाली होतात."

"मधोमध तर खांब आहे."

मी बघितलं. खांब होता. यंत्रानं त्याला चारी बाजूंनी अशी मिठी मारली होती, की जणू लढाईवरून परत आलेला नवरा.

"खांब यंत्राबरोबर आला का," मार्लिसनं विचारलं, "की आपला आहे?"

मी म्हणालो, खांब काढता येईल का ते बघतो. ती म्हणाली, खांबावर तुळई आहे, तुळईवर स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची हॉटडिश, आणि ती अजून ओव्हनमध्ये आहे. मग मी बोल्ट सोडवायला गेलो. एकटा पिळायला लागलो की पलीकडचा नटही बरोबर गिरक्या घेई. एकानं नट धरायचा आणि दुसऱ्यानं बोल्ट फिरवायचा, अशी ती रचना. मार्लिसनं डाव्या हातानं नट धरला. मी जोर लावला, पाना सटकला, आणि धक्क्यानं तिचा उजवा खांदा हलला. तिचे ओठ पांढरे पडले. ती खुर्चीवर बसली, आणि कपाखालचं पान काढून वाचू लागली.

"'सगळे भाग जोडून होईपर्यंत एकही बोल्ट आवळू नये,'" तिनं वाचलं. "जाड अक्षरात आहे."

सोमवार परवावर होता.

रविवारी चर्चहून आल्यावर मी कपडेही न बदलता स्टेनरकडे गेलो. त्यानं कॉफी ओतली आणि लिंबाच्या वड्यांचा डबा पुढं सरकवला.

"थंडी आहे," मी म्हणालो.

"वाऱ्यामुळे जास्त वाटते."

"वारा नसता तर बरं झालं असतं."

"नसता तर बर्फ पडलं असतं."

एवढं झाल्यावर आम्ही दोन-दोन वड्या खाल्ल्या. मी म्हणालो, "तुझी खिडकी छान आहे. अंगण सगळं दिसतं."

"दिसतं," स्टेनर म्हणाला. "गुरुवारी ती नळी कुठं न्यायची ते तुला ठरवता येत नव्हतं. मला वाटलं, यंत्राला जागा कमी पडतेय."

"तू काही विचारलं नाहीस."

त्यानं कप खाली ठेवला. "विचारलं होतं. तीन वेळा."

"दोन वेळा, स्टेनर. एकदा खोका आला तेव्हा, एकदा टपालपेटीपाशी."

"आणि एकदा बुधवारी संध्याकाळी. मी गाडीतून चाललो होतो, तू दारात उभा. मी स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली आणि तुमच्या तळघराकडे मान केली. तू नाही म्हणून मान हलवलीस."

"मी टोपीवरचं बर्फ झटकत होतो."

"मान हललेली दिसली. टोपीवरचं बर्फ कसं दिसणार?" त्याला मनापासून वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. "तीनदा 'नाही' ऐकल्यावर मी काय करणार, अर्व्हिड? चौथ्यांदा विचारणं म्हणजे माणसाच्या घरात घुसणं."

तो बरोबरच होता. मीही चौथ्यांदा विचारलं नसतं. त्याचं विचारून संपलं होतं, माझं नाही म्हणणं संपलं होतं, आणि मधे लिंबाच्या वड्या होत्या. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तिकडे आमच्या घरात मार्लिस आरशासमोर उभी राहून हात हनुवटीच्या वर न्यायचा प्रयत्न करत असणार. मी घरात नसलो की ती करते. तिला वाटतं मला ठाऊक नाही.

"स्टेनर," मी म्हणालो, "मला मदत कर."

स्टेनरनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवतोय.

"इतकं वाईट आहे?"

"उद्या सोमवार आहे. तिला उद्या सुरू करायचंय, नाहीतर खांदा तिथंच धरेल. आणि मी ते यंत्र घराच्या खांबाभोवती बांधलंय."

तो उठला, शेगडी बंद केली, कोट घातला. दारापाशी थांबून म्हणाला, "खांबाभोवती म्हणजे?"

"म्हणजे खांब आत आहे."

तो जिना उतरून खाली आला, यंत्रासमोर उभा राहिला, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. स्टेनर हसत नाही. त्याच्या घराण्यात कुणी हसल्याची नोंद नाही. त्याचे खांदे मात्र दोन मिनिटं हलत होते.

"मजबूत झालंय," तो म्हणाला. "घर पडलं तरी हे राहील."

मग आम्ही लागलो. तो नट धरी, मी पान्याला लोंबकळे. तेवढ्यानं भागेना तेव्हा आम्ही दोघं लोंबकळलो, दोघांचं मिळून एकशे अठ्ठेचाळीस वर्षांचं लोखंड. बोल्ट सुटताना असा किंचाळे, की वरच्या मजल्यावर मांजर कपाटात जाऊन बसलं. मार्लिस खुर्चीवर बसून वही पहिल्या पानापासून वाचत होती.

"'पिशवी ड मधले चार बोल्ट घ्या.'"

"पिशव्या नाहीत," मी म्हणालो. "पातेलं आहे."

"मग पातेलं ड मधले घ्या. आणि हातानंच पिळ. हातानं म्हणाले मी, अर्व्हिड. पाना स्टेनरला दे."

पाना स्टेनरकडे गेला तो परत आलाच नाही. दुपारभर आम्ही तिच्या हुकमात होतो, आणि खरं सांगतो, यंत्र कसं वर चढत गेलं ते मला कळलंही नाही. या वेळी ते खांबापासून चार पावलं दूर होतं. कप्प्या बसल्या, पोलादी तार त्यांच्यातून फिरली, सळ्यांवर विटा सरकल्या. संध्याकाळच्या जेवणाआधी सगळं उभं राहिलं. मी म्हणालो, आधी मी बसून बघतो. दोघंही एकदम नाही म्हणाले.

मार्लिस आसनावर बसली. स्टेनरनं वरच्या विटेत पिन घातली, म्हणजे दहा पौंड. दांडा तिच्या डोक्याच्या पुष्कळ वर लोंबत होता. तिनं डावा हात घातला आणि उजवा उचलला. तो हनुवटीपाशी येऊन थांबला. आम्ही तिघं त्या हाताकडे बघत राहिलो.

स्टेनर स्टुलावर चढला आणि दांडा ज्या साखळीनं तारेला लटकला होता, तिच्या चार कड्या त्यानं खाली सोडल्या. अजून पोचेना. आणखी दोन सोडल्या. तिची बोटं दांड्याला लागली, मग वळली.

तिनं ओढलं. वीट वर गेली. मग तिनं सावकाश सोडलं, आणि जॅनेलनं सांगितलं होतं तसं ते वजन तिच्या हाताला घेऊन वर निघालं. हनुवटी सोडली, गाल सोडला, आणि दंड कानाच्या पातळीला आला तेव्हा तिनं दात आवळले.

"पुरे का?" मी विचारलं.

"एक," ती म्हणाली.

दोनला स्टेनर पान्यांची जुळवाजुळव करू लागला. चारला मला बोल्टाचं पातेलं अगदी महत्त्वाचं वाटायला लागलं. त्यात तीन बोल्ट उरले होते, ते कुठले हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दहा झाल्यावर तिनं दांडा सोडला, घाम पुसायला म्हणून हात उचलला आणि तो तसाच पुढं गेला, कानामागं. सुटलेली एक बट तिनं उजव्या हाताच्या बोटांनी मागं सारली. हात लगेच खाली आला. पण गेला होता.

"म्हणजे उद्यापासून वेणी तूच घालणार?" मी विचारलं.

"उद्या कसली? मार्चपर्यंत तुलाच घालावी लागेल," मार्लिस म्हणाली. "पण जरा सैल घाल. दोन महिने माझे डोळे मिटत नाहीयेत."