येत्या रविवारी, नक्की

गंधालीने हितेशचा लॅपटॉप स्वतःकडे फिरवला.

"आता कुठे पेंड खातंय घोडं?"

"पूर्णविरामानंतर आवाज जरा जास्तच थांबतो गं. कानाला खटकतं."

ज्यांना दिसत नाही अशांना मराठी पुस्तकं वाचून दाखवणारं हे फुकट ॲप दोघांनी मिळून केलेलं. चार वर्षांचे रविवार त्यात गेले होते. एकाचं काम दुसऱ्याने पास केल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही, हा नियम गंधालीचाच. दिवाळीत तिने सांगून टाकलं होतं, ही आवृत्ती गेली की मी मोकळी. तेव्हापासून हितेश दर आठवड्याला नवी खोट काढत होता आणि ती गोरेगावहून मुलुंडला त्याच्या घरी येऊन निस्तरत होती. नियम आपलाच, बोलणार कुणाला?

मोबाइल वाजला. घाटकोपरच्या भाऊरावांचा मेसेज.

"घाई नाही ताई. नवी आवृत्ती आज येतेय ना?"

अजून चालू असलेल्या जुन्या आवृत्तीत पुस्तक मध्येच बंद पडायचं, आणि मग भाऊराव ते पुन्हा पहिल्या पानापासून ऐकायचे. त्यांनी आवाज कधी चढवला नाही. त्यापेक्षा शिव्या घालणारे परवडले, असं तिला वाटायचं.

"हा थांबा मागच्या महिन्यात तूच वाढवायला लावलास," ती म्हणाली.

हितेश चहाच्या कपाशी चाळा करत बसला.

"मुद्दाम करतोयस ना?"

"तू गेलीस की दाखवू कुणाला, यार? एकट्याला नाही जमणार मला."

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. हितेशने लॅपटॉप ओढला, पसंतीची खूण केली आणि परत तिच्यापुढे सरकवला.

"घे, केलं पास. बटण तू दाब."

चार महिने तिने याचीच वाट पाहिली होती. बोट बटणापर्यंत गेलं.

"एकदा ऐकू दे," ती म्हणाली.

आवाजाने एक वाक्य वाचलं. थांबून दुसरं वाचलं. तिने पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा.

"लांबतोय रे."

"चालतंय ना. जाऊ दे."

"जाऊ दे काय?" तिने खुर्ची पुढे ओढली. मग मोबाइल उचलून भाऊरावांना लिहिलं, 'येत्या रविवारी, नक्की.'

उत्तर लगेच आलं.

"बरं ताई. मी परत पहिल्यापासून लावतो."