निम्म्या भावाची गाडी

मी चारच वर्षांची आहे, मित्रांनो, आणि बाजार मला जुनी म्हणतो. मी हायब्रिड सुपरकार आहे. माझ्या पाठीमागे पेट्रोलचे इंजिन आहे आणि पुढच्या चाकांना विजेच्या मोटारी. ही जोडी एकदम कामाला लागली की वारासुद्धा मागे पडतो. ही बढाई नाही. मला घडवलेच तसे आहे.

परदेशातल्या कारखान्यात कुशल हातांनी माझी आसने शिवली. जहाजाने मी मुंबईला आले आणि तिथून बंद ट्रकमधून जळगावला. मला घेतले होते बन्सीलाल सराफांनी. मेहरूण भागातल्या त्यांच्या बंगल्यासमोर मी उतरले तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली. बन्सीलालांच्या थोरल्या बहीण ताईबाई गावाहून आल्या होत्या. त्या माझ्याभोवती फिरून म्हणाल्या, "बन्सी, हाई गाडी शे का खाट? बठ्ठी जमीनले टेकेल शे!" मग सगळी जमिनीला टेकलेल्या या खाटेची दृष्टही त्यांनीच काढली.

सराफ बाजारात मात्र हसू झाले. शेजारच्या पेढीचे रतिलाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सोन्याच्या पेढीवर बसून बन्सीनं लोखंड घेतलं." बन्सीलाल एवढेच म्हणत, "बघशील. हिचा भाव राहील."

भाव राहावा म्हणून त्यांनी मला दागिन्यासारखे जपले. सराफाचा नियम साधा असतो: झिजलेल्या दागिन्याला घट धरतात, न घातलेल्याला नाही. रविवारी ते आत येऊन बसत, स्टिअरिंगवर हात ठेवत आणि उतरून मला चार्जिंगला लावत. त्यांची मुलगी ज्योती त्यांना नाना म्हणे. "पुढच्या दिवाळीत लांब जाऊ," असे ते तिला सांगत.

त्या दिवाळीआधीच नाना गेले.

ज्योतीने माझ्यावर कापड टाकले. नानांनी सरकवलेले आसन होते तिथेच राहू दिले. गॅरेजची वीज कोणीतरी बंद केली, ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. कापडाखाली माझी बॅटरी उतरत गेली, टायर एकाच बाजूने दबले. सोने तिजोरीत सुखाने राहते, मित्रांनो. माझ्यासारखी वस्तू तिथे उपाशी राहते.

वर्षभराने ज्योतीने मला विकायचे ठरवले. पैशांची नड नव्हती. नाना बरोबर होते, हे तिला बाजाराला दाखवायचे होते. जुन्या महागड्या गाड्यांचा व्यापार करणारे नईम शेख धुळ्याहून आले. त्यांनी मला पुन्हा जागे केले, नवे टायर बसवले, संगणक जोडून बॅटरी तपासली.

"ताई, खरं सांगू? निम्मा भावसुद्धा येणार नाही."

"मीटर बघा ना, नईमभाई. गाडी कोरी आहे."

"कोरी आहे म्हणूनच गिऱ्हाईक घाबरतं. इतके दिवस उभी होती, बॅटरीचा भरवसा कोण देणार? वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी घ्यायची तर त्यात एक चांगली गाडी येते. वर नवं मॉडेलही आलंय."

ज्योती म्हणाली, "म्हणजे नाना चुकले."

"घेताना नाही चुकले. पण बिर्याणी शिजवली आणि झाकणच उघडलं नाही, असं झालं हे! विकायच्या आधी एकदा चालवून तर बघा."

ती आत बसली. पाय पोहोचेना. आसन पुढे घ्यावे लागणार होते. तिने बटणावर बोट ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. नानांची जागा हळूहळू पुढे सरकली.

नईम शेजारी बसले. फाटकातून मी विजेवर, आवाज न करता बाहेर पडले. तापीच्या पुलापुढे चोपड्याचा मोकळा रस्ता लागला आणि माझे इंजिन गरजले. ज्योती मोठ्याने हसली. मग बराच वेळ तिने आरशात पाहिले नाही.

परतताना तिने मला भर दुपारी थेट सराफ बाजारात नेले. रतिलाल पेढीवरूनच ओरडले, "काय गं, मोडीत काढायला आणलीस?"

"नाही काका, चोपड्याची केळी आणलीत." तिने माझे पुढचे झाकण उघडले. आत वाटेत घेतलेल्या केळ्यांच्या फण्या होत्या.

"अगं, इंजिन कुठं गेलं?"

"मागे असतं."

"आणि भाव काय आला?"

सगळा बाजार ऐकत होता. "निम्मासुद्धा नाही," ज्योती स्वच्छ आवाजात म्हणाली. "म्हणून विकत नाही. या, बसा. मेहरूण तलावापर्यंत फिरवून आणते."

नईमांनी जागा रिकामी केली. केळ्यांची फणी मांडीवर घेऊन रतिलाल कसेबसे आत शिरले. बाजार मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, "बन्सीनं मला एकदासुद्धा बसवलं नाही."

"मलाही नाही, काका."

पुढच्या वर्षी माझा भाव आणखी उतरेल, मित्रांनो. उतरू दे. माझी ताकद शाबूत आहे. तुमच्या घरी कोणाची सायकल, कोणाचे शिलाई मशीन मागे राहिले असेल, तर ते नुसते पुसून ठेवू नका. तेल घाला आणि चालवा. आणि जी माणसे अजून घरात आहेत, त्यांना आजच शेजारी बसवा.