धुळ्याचा दवाखाना

"जळगावात नको," जितेंद्र म्हणाले. "असल्या डोक्याच्या डॉक्टरकडे जाताना कोणी पाहिलं तर आपल्या साऱ्या मेहरूणमध्ये बोभाटा. धुळ्याला जाऊ." घरी सांगितलं, दाढ दुखते.

दाढ नव्हती दुखत. काहीच दुखत नव्हतं. चिऊ रडायची, मला ऐकू यायचं, पण हात उठायचे नाहीत. तिचे इवलेसे तळवे पुसताना वाटायचं, हिला माझ्यापेक्षा बरी आई हवी. मी नसले तर मिळेल. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही कापूस वेचता वेचता पोरं वाढवली. तुला पंख्याखाली बसून काय झालं गं?"

खरंच, काय झालं होतं?

चिऊला घेऊन धुळ्यात देवपूरच्या त्या दवाखान्यात शिरले आणि थिजले. समोरच्या बाकावर आमच्याच गल्लीतल्या मंदाबाई. हळदीकुंकवाला बायकांना हसवून लोळवणाऱ्या. त्यांनी पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"दातना डॉक्टर आठेच शे ना वं?" त्या पुटपुटल्या.

"हो मावशी. माझीपण दाढ."

जितेंद्र भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

चिऊ रडायला लागली. मी तशीच बसून राहिले. मंदाबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, उठल्या आणि तिला खांद्यावर घेतलं.

"घरी काय सांगता?" मी हळूच विचारलं.

"देवीना नवस शे, असं सांगस."

"बरं वाटतं का इथं येऊन?"

"काही दिन वाटस. काही दिन नही." त्या चिऊला थोपटत राहिल्या. "मी लई उशिरा उनू, पोरी. तू बठ्ठं सांगी दे, काही झाकू नको."

माझं नाव पुकारलं. आत डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आधीच जितेंद्र म्हणाले, "काही नाही, झोप होत नाही हिची."

"अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांना असं पहिल्यांदाच म्हटलं असेल.

दार लागल्यावर मी बोलले. मी नसले तर चिऊचं बरं होईल, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आज सकाळीही असं वाटलं?"

"हो."

"हे एकटीनं सांभाळायचं नाही. औषध देते, पण घरातही कोणाला तरी माहीत हवं. त्यांना बोलवू?"

मी मान डोलावली. जितेंद्र आत आले, उभेच राहिले. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं.

"बसा ना," मी म्हणाले, आणि सुरू केलं.