मळणीघराची साक्ष

हल्ली मला सगळे घर म्हणतात. पत्रावरही तसंच लिहून येतं. पण मी घर नव्हे, मी मळणीघर. इंग्लंडातल्या विल्टशायरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, मॅस्लनांच्या वाडीत, तीनशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे. बोलायची सवय मला नाही. ऐकायची आहे.

माझा सांगाडा ओकचा. लाकूड ओलं असतानाच सुतारांनी तो जुळवला, त्यामुळे वाळताना मी थोडा वाकलो आणि तसाच घट्ट झालो. भिंती गारगोटीच्या, वर गव्हाच्या काडाने शाकारलेलं छप्पर. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, भरलेली गाडी सरळ आत येईल असे दोन दरवाजे. दोन्ही उघडले की मधून वारा धावायचा आणि उफणणी सोपी व्हायची. त्या दरवाजांच्या मध्ये एल्मच्या जाड फळ्यांचं खळं. तेच माझं काळीज.

माझ्याभोवती वाडी वाढत गेली. मालकाचं घर आधी मातीचं होतं, मग विटांचं झालं. एका अंगाला धान्याचं कोठार आलं, उंदरांना चढता येऊ नये म्हणून अळंबीच्या आकाराच्या दगडांवर उचललेलं. दुसऱ्या अंगाला गाड्यांची पडवी, पलीकडे गोठा. नवं काही बांधलं की बाप म्हणायचा, "आता झालं पुरं." मुलगा मोठा झाला की ते पाडायचा.

हिवाळा हा माझा हंगाम. शेतात चिखल, बाहेर हाताला काम नाही, तेव्हा गावातली माणसं माझ्याकडे येत. खळ्यावर पेंढ्या पसरायच्या आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून झोडपायच्या. लांब दांडा हातात, त्याच्या टोकाला कातडी वादीने बांधलेलं आखूड दांडकं. एकाचं वर गेलं की दुसऱ्याचं खाली. ताल चुकला तर टाळकंच फुटायचं.

जेसी व्हॉटली आणि त्याचा सासरा ओबेद या जोडीचा ताल मी कधी चुकलेला ऐकला नाही. जेसी तिशीतला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. मालक अँब्रोज मॅस्लन त्याच्याच वयाचा. लहानपणी दोघं माझ्या तुळईवरून पेंढ्यांच्या ढिगात उड्या मारत. मोठेपणी एक मालक झाला, दुसरा जेसीच राहिला.

दुपारी जेसीची बायको केझाया पाव आणि कांदा घेऊन यायची. "बाबा, आज किती झोडलंत?" ती बापाला विचारायची.

"झोडतोय तुझा नवरा," ओबेद म्हणायचा, "मी आपला टाळी देतोय."

अठराशे तीस साली सुगीनंतर मॅस्लनने माझ्या पाठीला चिकटून एक गोल खोली बांधली. तिच्यात चार घोडे घाण्याला जुंपल्यासारखे फिरायचे. माझ्या भिंतीला भोक पाडून घोड्यांबरोबर फिरणारा एक लोखंडी दांडा आत घेतला, आणि खळ्यावर मळणीचं यंत्र बसवलं. ज्याला दोन माणसांचा अख्खा हिवाळा लागायचा, ते आता काही दिवसांत उरकणार होतं.

जेसी टोपी हातात घेऊन दारात आला. "मालक, मग आम्ही हिवाळ्यात काय करायचं?"

"चर्चची मदत आहे की. गावात कोणी उपाशी मरत नाही, जेसी."

"मरत नाही, मालक. पण ती भाकर मान खाली घालून खावी लागते."

"माझाही नाइलाज आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी यंत्रं घेतलीत. मीच एकटा मागे राहू?"

जेसीने टोपी घातली आणि तो निघून गेला.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी शिंग वाजलं. शेजारच्या गावांतून दीडदोनशे माणसं, वाटेतली मळणीची यंत्रं फोडत, चालत आली. कोणाकडे घण, कोणाकडे पहार. गावातलेही बरेच त्यांना मिळाले. जेसीही होता. मॅस्लन बायकोला घेऊन घरात गेला आणि वरच्या खिडकीत उभा राहिला. ती खिडकी माझ्या पूर्वेच्या दरवाजासमोरच होती, हाकेच्या अंतरावर.

गर्दीतल्या एका परक्या माणसाने पेंढ्याचा बोळा पेटवला आणि तो माझ्याकडे निघाला. माझ्या पोटात त्या वर्षीचं सगळं पीक होतं. मी जन्मात कधी घाबरलो असेन तर त्या क्षणी.

जेसी माझ्या दारात हात पसरून उभा राहिला. "लोखंड फोडा. याला हात लावायचा नाही."

"का रे? तुझ्या बापाचं आहे का?"

"माझ्या बापाने इथे झोडलंय, त्याच्या बापानेही. आत गावाचा वर्षाचा पाव आहे. पेटवलास तर पोरांना काय राख चारू?"

तो माणूस त्याच्याकडे बघत राहिला. आग त्याच्या बोटांपर्यंत आली तसा त्याने बोळा चिखलात फेकला. मग जेसीने शेजाऱ्याच्या हातातला घण घेतला आणि यंत्रावर पहिला घाव स्वतः घातला. तेही मी लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी घोडेस्वार आले. जेसीला त्याच्या घरातून, हात बांधून नेलं.

जानेवारीत शहरात खटला चालला. मी कुठे जाणार? जे कळलं ते मॅस्लन परत आला तेव्हा. केझाया माझ्या दारात त्याची वाट बघत बसली होती.

"सात वर्षं," मॅस्लन घोड्यावरून उतरत म्हणाला. "समुद्रापार, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. व्हॅन डिमेनच्या बेटावर."

ती उठली. "तुम्ही काय सांगितलंत तिथे?"

"जेसीच्या हातात घण पाहिलात का, असं शपथ देऊन विचारलं. मी खोटं कसं बोलू?"

"खोटं बोला असं कोण म्हणतंय? त्याने आग लावू दिली नाही, ते सांगितलंत?"

मॅस्लन लगामाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "ते मला कोणी विचारलं नाही."

मला वाटलं, ती ओरडेल, रडेल. तिने नुसती शाल घट्ट ओढली आणि चिखलातून घराकडे चालू लागली.

मॅस्लनने यंत्र पुन्हा उभं केलं नाही. मोडकं लोखंड लोहाराने नेलं, गोल खोलीत वासरं बांधली. फेब्रुवारीत मळणीचं काम परत दांडक्यांवर आलं, तेव्हा ओबेदबरोबर केझाया आली. माझ्या खुंटीवर टांगलेलं जेसीचं दांडकं तिने उतरवलं.

"हे बायकांचं काम नव्हे," मॅस्लन म्हणाला.

ओबेद वळला. "आमच्यातला एक माणूस कमी झालाय, मालक. कसा, ते तुम्हाला ठाऊक."

पहिले आठ दिवस दांडकं तिच्याच खांद्यावर बसायचं. ओबेद थांबायचा, ती म्हणायची, "थांबू नका." पुढच्या हिवाळ्यात नाताळापर्यंत डोळे मिटून ऐकलं तर जेसीच आहे असं वाटावं, असा तिचा ताल बसला. असे सहा हिवाळे गेले.

सहाव्या हिवाळ्याच्या शेवटी पत्र आलं. तिला वाचता येत नव्हतं, पाद्री आजारी होते. ती पत्र घेऊन मॅस्लनकडेच आली. माझ्या खळ्यावर उभं राहून त्याने ते वाचलं. जेसीने कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. माफी मिळाली होती, पण परतीचं जहाज ज्याचं त्याने बघायचं होतं, आणि ते त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तो मेंढ्या राखत होता. तू येऊ शकशील का, असं त्याने विचारलं होतं.

मॅस्लन मध्येच थांबला.

"पुढे वाचा," केझाया म्हणाली.

"'मळणीघर अजून उभं आहे ना?'" त्याने वाचलं, आणि कागद खाली घेतला. तो घडी करून तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "तुझ्या जहाजाचं मी बघतो."

"बघा. नको म्हणायला मी काही मोठी बाई लागून गेले नाही. पण त्याने फिटलं असं समजू नका."

ओबेद तिच्याबरोबर गेला नाही. "मला नदी ओलांडताना भोवळ येते, समुद्र कुठला!" असं हसत म्हणाला. गाडी वळणाआड गेल्यावर तो आत आला, एका पेंढीवर बसला, आणि अंधार पडेपर्यंत तिथून उठलाच नाही.

त्या वर्षी सुगीचं जेवण नेहमीसारखं माझ्यातच झालं. लांब बाकं, उकडलेलं मांस, बिअरचे घडे. गाणी सुरू व्हायच्या आधी मॅस्लन उभा राहिला. त्या दुपारी खिडकीतून काय पाहिलं, ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. पेटता बोळा, पसरलेले हात, एकेक शब्द.

"मालक," ओबेद म्हणाला, "हे तिकडे सांगायचं होतं."

"हो," मॅस्लन म्हणाला.

ओबेदने आपला रिकामा मग पुढे सरकवला. मॅस्लनने तो भरला. ती माफी होती की नुसती तहान, मला सांगता येत नाही.

पुढे मॅस्लनच्या मुलाने वाफेचं यंत्र आणलं. ते फोडायला कोणी आलं नाही. तोवर निम्मं गाव शहरातल्या गिरण्यांत गेलं होतं. माझ्या छपराचं काड जाऊन पत्रे आले. एल्मच्या फळ्या उखडून सिमेंट ओतलं आणि गाई बांधल्या. पलीकडे लोखंडाची भलीमोठी शेड उभी राहिली. नवी यंत्रं माझ्या दारात मावेनात, म्हणून मी अडगळीचा झालो. पाठीमागची गोल खोली एका वादळात बसली. मॅस्लनांच्या शेवटच्या वारसाने वाडी विकली.

आता धान्याच्या कोठारात कोणीतरी चित्रं काढतं, पडवीत मोटारी असतात. माझ्या पूर्वेच्या दरवाजाला काच बसवली आहे. आत एक नवरा-बायको राहतात. भली माणसं आहेत. माझे वासे त्यांनी हाताने तेल लावून जपलेत. पाहुणे आले की मान वर करून म्हणतात, "वा, किती शांत आहे इथे!" मला बरं वाटतं, आणि थोडं वाईटही.

माझं आता फार मागणं नाही. वासे किडले तर बदला, भिंत हवी तिथे फोडा. वाडी अशीच जगत आली आहे. फक्त एक गोष्ट कुठेतरी लिहून ठेवा. शहरातल्या त्या खटल्यात मला कोणी बोलावलं नाही, आजही कोणी विचारलेलं नाही. तरी सांगतो: जेसी व्हॉटली माझ्या दारात हात पसरून उभा राहिला. मी पाहिलं.