धुऊन परत दिलेला ट्रक

मित्रांनो, जुन्या गाड्यांच्या या रांगेत मागून तिसरा उभा आहे ना, तो मी. पिकअप ट्रक. वय फार नाही, पण आमच्यात तीन मालक झाले की म्हातारपण आलंच. समोरच्या काचेवर माझी किंमत पांढऱ्या रंगात लिहिली आहे आणि दर सोमवारी ती थोडी उतरते. मला त्याचं काही वाटत नाही. हल्ली मला कशाचंच फारसं वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्रांनी मला जोडलं, एका बाईने माझी दारं दोनदा उघडून मिटून पाहिली आणि कागदावर खूण केली. मग मी लुईझियानात मिस्टर हॉलिस यांच्या गाड्यांच्या दुकानात आलो. तिथे तीन आठवडे काचेमागे उभा होतो. लोक माझ्यावरून हात फिरवत आणि किंमत वाचून हात काढून घेत.

मार्चच्या पहिल्या तारखेला ट्रेमेन आला. ट्रेमेन गिलरी, तिथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला, वय वीस, वजन एकशे चाळीस किलो. समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं, म्हणजे मागच्याला चेंडू फेकायला सवड मिळते, हे त्याचं काम. अशा खेळाडूंच्या वाट्याला जाहिराती क्वचितच येतात, त्या चेंडू फेकणाऱ्याला मिळतात. पण मिस्टर हॉलिसना दांडग्या ट्रकसाठी दांडगाच माणूस हवा होता.

"एक वर्ष हा तुझा, बिग मॅन," किल्ली देत ते म्हणाले. "वर महिन्याला हजार डॉलर. तू फक्त याच्याबरोबर फोटो काढायचे, चाहत्यांच्या मेळाव्यांना जायचं आणि हसायचं."

"आणि याचं भाडं, सर?"

"भाडं कसलं? फुकट आहे, फुकट!"

करार सात पानांचा होता. ट्रेमेनने सहीचं पान तेवढं वाचलं. माझ्या दोन्ही दारांवर त्याचा चौऱ्याहत्तर नंबर चिकटवण्यात आला.

तेव्हा माझे फार लाड झाले, खोटं कशाला सांगू? पोरं माझ्या पाठीवर चढून फोटो काढत. शनिवारी सामन्याआधी मैदानाबाहेर शेगड्या पेटत, तिथे मला बायकापोरांच्या घोळक्यात मधोमध उभं करत. ट्रेमेन कधी साठ मैलांवर, कधी नव्वद मैलांवर मेळाव्याला जायचा. पेट्रोल स्वतःच्या पैशाने, रोखीने भरायचा आणि पावती दाराच्या कप्प्यात कोंबायचा. कप्पा फुगला की दुसऱ्या दाराचा.

दर रविवारी आम्ही तासाभराच्या अंतरावर त्याच्या आईकडे जात असू. मिस ओडेसा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करतात. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांच्या घराचं अर्धं छत उडालं होतं. त्या जागी निळी ताडपत्री ठोकली होती. विमा कंपनी पैसे देणार होती, पण पहिले पाच हजार घरच्यांनी घालायचे, त्याशिवाय कंत्राटदार शिडीसुद्धा लावायला तयार नव्हता. ट्रेमेन महिन्याला चारपाचशे बाजूला टाकत होता. अंगणात मला थांबवून तो आधी वर त्या ताडपत्रीकडे बघायचा आणि मग जेवायला आत जायचा.

ऑक्टोबरमध्ये एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. नंतर फोटो मागायला कोणी आलं नाही. मिस्टर हॉलिस यांनी पैसे थांबवले नाहीत, हे मात्र सांगायला हवं. पण त्यांचे फोन बंद झाले. मी वसतिगृहासमोर धूळ खात उभा राहिलो. जानेवारीच्या शेवटी त्यांच्या दुकानातून एक पाकीट आलं. "ट्रक परत कधी आणायचा, तेच असेल," असं पुटपुटत ट्रेमेनने ते न उघडता माझ्या पुढच्या कप्प्यात टाकलं. मी ते महिनाभर सांभाळलं.

मग परत करायचा दिवस आला. मिस ओडेसांच्या घरात मागून आणलेलं भांडं कधी खरकटं परत जात नाही. ट्रेमेन तसाच वाढला होता. गुडघ्याला पट्टा बांधून त्याने गाडी धुवायच्या जागी मला तीन तास घासलं. दारांवरचे नंबर कोमट पाणी लावून नखाने सोलून काढले. दारांचे कप्पे रिकामे केले आणि दोन मुठी चुरगळलेले कागद शेजारच्या पिंपात टाकले. शेवटी पुढचा कप्पा पुसायला उघडला तेव्हा ते पाकीट हाताला लागलं. त्याने ते फोडलं, वाचलं आणि व्हर्लीन मावशीला फोन लावला. ही त्याच्या आईची बहीण. केस कापायच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती दर वसंतात लोकांच्या कराचे कागद भरते. फोन माझ्या स्पीकरवर लागला, म्हणून मला सगळं ऐकावं लागलं.

"मावशी, हॉलिसवाल्यांनी करखात्याला पाठवलेल्या कागदावर चुकून माझी कमाई चोवीस हजार लिहिलीय. डिसेंबरपर्यंत मला दहाच मिळालेत."

"आणि ट्रक?"

"ट्रक तर फुकट होता."

"अरे माझ्या राजा! तो फुकट मिळाला हीच तुझी कमाई. महिन्याला चौदाशेचा ट्रक तू दहा महिने फिरवलास. म्हणजे सरकारच्या हिशोबी चौदा हजार तुझ्या खिशात पडले."

"पण मी तो आज परत देतोय!"

"दे की. वापरलास तो वापरलास. यंदाचे दोन महिने पुढच्या वर्षी लागतील."

"किती जातील?"

बटणं बडवल्याचा आवाज आला. "साडेचार हजारांच्या आसपास. तू कुणाचा नोकर नाहीस, म्हणून पेन्शनच्या करातला मालकाचा वाटाही तुझ्याच बोडक्यावर. शिवाय दर तीन महिन्यांनी भरायचे होते, त्याचा दंड त्यातच आला. कोणी सांगितलं नाही तुला?"

"कोच म्हणाले होते, काही असलं तर ऑफिसात विचार. मला वाटलं, माझं काही नाहीये. आणि उगाच विचारायची लाजही वाटली."

"बरं, रडू नकोस. मेळाव्यांना जायचं पेट्रोल तूच भरलंस ना? त्यातून तीनचारशे तरी सुटतील. पावत्या आहेत ना?"

ट्रेमेनने पिंपाकडे पाहिलं. लंगडत जाऊन त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. कागद साबणाच्या पाण्यात भिजले होते. त्याने एकेक पावती माझ्या बॉनेटवर पसरली. अक्षरं उडाली होती. एकीवर 'पुन्हा या' एवढंच उरलं होतं.

मला प्रत्येक मैल ठाऊक होता. कुठल्या गावी गेलो, कुठल्या पंपावर थांबलो, सगळं. पण ट्रकला साक्षीला कोण बोलावतं? त्या दिवशी मला माझ्या चकाकीची लाज वाटली. त्यानंतर मला लाजही वाटलेली नाही.

मग त्याने आईला फोन केला.

"ममा, छताचं या वर्षी जमत नाही."

"का रे?"

"ट्रकचा टॅक्स आलाय."

"त्या फुकटातल्या?"

"हो."

तिकडे वारा असावा, ताडपत्री फडफडल्याचा आवाज आला. "बरं," मिस ओडेसा म्हणाल्या. "दोन मोसम काढलेत, हाही काढू. जेवलास का?"

"हो," ट्रेमेन म्हणाला. तो सकाळपासून उपाशी होता.

दुकानात पोचल्यावर मिस्टर हॉलिस यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "वा, बिग मॅन! इतका स्वच्छ ट्रक मला आजवर कोणी परत दिला नाही," म्हणत त्याच्या पाठीवर थाप दिली. ट्रेमेन म्हणाला, "थँक यू, सर." त्याने किल्ली ठेवली आणि बस थांब्याकडे चालू लागला. त्याला त्या गुडघ्याने पाऊण तास लागला असेल.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने ट्रक शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मला ट्रेमेनने खूप जपलं. तुम्ही मला नाही जपलंत तरी चालेल. तुमच्या नावाने आलेलं पाकीट त्याच दिवशी फोडा. कोणी फुकट म्हणून किल्ली हातात ठेवली, तर हसण्याआधी विचारा की याचा कागद कुणाच्या नावावर निघणार. आणि विचारायला लाजू नका, तो सहा फूट चार इंचांचा माणूस लाजला होता.

कर भरायच्या शेवटच्या दिवशी, एप्रिलच्या पंधरा तारखेला, त्याने पैसे भरले असतील. जूनमध्ये तिकडे वादळांचा मोसम सुरू होतो.